जंगल गावाचे, मग लाकूड कुणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

1992 ते 2016 या काळात नेपाळचे वनाच्छादन 26 टक्क्यांवरून 45 टक्क्यांच्या आसपास गेले, आणि त्याचे सगळे श्रेय तिथल्या सामुदायिक वनांना दिले जाते. डोंगरातली तरुण पोरे आखातात आणि मलेशियात कामाला गेली, शेते पडीक राहिली, त्यांवर झाडे उगवली, हेही त्यात आहेच. तरी त्यांच्या 1993 च्या वन कायद्याने (2019 मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला) रुजवलेली एक गोष्ट आपण उचलावी अशी आहे.

तिथे गावकरी 'उपभोक्ता समूह' नोंदवतात, स्वतःची नियमावली करतात, झाडांची मोजणी होते, पाच ते दहा वर्षांची कार्ययोजना मंजूर होते आणि मगच जंगल ताब्यात येते. असे 22 हजारांवर समूह आहेत. सरपण, चारा तर त्यांचाच, पण इमारती लाकूडही त्यांचे. दर समूहच ठरवतो. उत्पन्नातला किमान चौथा हिस्सा जंगलावरच खर्च करावा लागतो.

आपला 2006 चा वनहक्क कायदा एका बाबतीत सरस आहे. तो हक्क 'देत' नाही, पूर्वीपासून असलेला मान्य करतो. नेपाळात जमीन सरकारचीच राहते आणि योजना मोडली तर वनाधिकारी जंगल परत घेऊ शकतो. पण आपल्याकडे ग्रामसभेची मालकी गौण वनोपजावर. बांबू, तेंदू, मोह आपला, साग नाही. त्या बांबूचेही काय झाले पाहा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्काचे हक्कपत्र मिळाले, बांबू बाहेर नेण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक मात्र एप्रिल 2011 मध्ये, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. तोवर वनखात्याच्या लेखी बांबू हे 'झाड'च होते. 2012 च्या सुधारित नियमांनी परवाना देणे ग्रामसभेकडे आले.

नेपाळातली अडचण अशी की कार्ययोजनेची मुदत संपते, फेरमोजणीला तंत्रज्ञ मिळत नाही आणि नूतनीकरण होईपर्यंत पडलेले लाकूड जागीच कुजते. आपली गाडी उलटी अडते: 'क' नमुन्यातला (सामूहिक वनसंपत्तीचा) दावा मंजूर होतो, हक्कपत्र हाती येते, योजना नसतेच. त्या पोकळीत ठेकेदार शिरतो. बांबूच्या बेटातल्या तीन वर्षांवरच्याच काठ्या तोडायच्या, या आणि मागच्या वर्षीचे कोंब राखायचे, पावसाळ्यात कोयता लावायचा नाही. ठेकेदाराला असे निवडून तोडणे परवडत नाही, तो बेट साफ करतो. कोवळ्या काठ्या कंदाला पोसतात. त्याच गेल्या की पुढच्या वर्षी कोंब बारीक निघतात. तेंदूचेही तसेच. 70 पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. करारात गोणीचा दर असतो, आगाऊ रक्कम नसते, आणि पाने उचलल्यावर ठेकेदाराचा फोन लागत नाही.

म्हणून दावे मंजूर करणाऱ्या जिल्हास्तरीय समितीने हक्कपत्रासोबतच व्यवस्थापन आराखड्यासाठी तंत्रज्ञ नेमून द्यावा, आणि तेंदूच्या लिलावाचा नमुना करार ग्रामसभांना फेब्रुवारीपूर्वी मराठीत आणि गोंडीत मिळावा. त्यात आगाऊ रकमेचा रकाना रिकामा सोडला तर करार रद्द समजला जाईल, एवढी ओळ असली तरी पुष्कळ.

आपला,
एक वाचक, गडचिरोली