ओळखीवरची विक्री आता पुरेशी नाही

महोदय,

कुपवाड औद्योगिक वसाहतीत मी गेली १८ वर्षे पंपाच्या सुट्या भागांचे मशिनिंग करून मोठ्या कारखान्यांना माल पुरवतो. ‘माणूस जोडा, ऑर्डर आपोआप येईल’ ही आमच्या पिढीची विक्रीची शिकवण होती आणि खरेदी अधिकाऱ्याशी असलेल्या घरोब्यालाच मी इतकी वर्षे धंद्याचे भांडवल मानले. दोन वर्षांपूर्वी तो अधिकारी बदलून गेला. नव्या अधिकाऱ्याने तपासणी अहवाल, नाकारलेल्या मालाचे प्रमाण आणि वेळेवर पुरवठ्याची नोंद मागितली, तेव्हा माझ्याकडे दाखवण्यासारखा एकही कागद नव्हता. माल चांगला होता, तरीही ऑर्डर गेली. त्यात त्यांची चूक होती, असे मी म्हणणार नाही.

ओळखीची आणखी एक किंमत आम्ही मुकाट्याने मोजतो, ती थकीत बिलांची. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजाचा हक्क आहे. पण ‘संबंध बिघडतील’ या भीतीने मागणारे थोडेच. जो संबंध हक्काचे पैसे मागितल्याने तुटतो, त्याला संबंध का म्हणावे?

आता मी खरेदी विभागाबरोबरच गुणवत्ता, भांडार आणि लेखा विभागांतही जातो आणि प्रत्येक खेपेसोबत मोजमापांचा तक्ता पाठवतो. जिल्ह्यातील उद्योजक संघटनांनी हे नव्या विक्री प्रतिनिधींना शिकवावे, ही कळकळीची विनंती.

– एक लघुउद्योजक, कुपवाड (जि. सांगली)