हरिहरला नको नेऊस त्याला

पुणे, २६ ऑक्टोबर

प्रिय माधवी,

फोटो पोचला. ते पिल्लू नाही, उकडीचा मोदक आहे. नाव अजून ठरलं नाही म्हणतेस, तोवर मी त्याला मोदकच म्हणणार. तुझ्या मांडीवर बसून तुझ्याच चपलेचा पट्टा चावतोय आणि तू कौतुकानं बघतेयस, म्हणजे घरात राज्य कोणाचं ते ठरलेलं दिसतंय.

पण खाली लिहिलेलं वाक्य वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. ‘डिसेंबरात याला हरिहरला नेणार.’ अगं बाई! त्या गडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या आठव. खोबणीत बोटं रुतवून, तोंडानं रामरक्षा म्हणत चढलो होतो आपण. म्हणजे रामरक्षा तू म्हणत होतीस, मी शिव्या देत होते. आणि उतरताना तोंड कातळाकडे करून, एकेक पाय चाचपत खाली आलो. कुत्र्याला तोंड कातळाकडे करून उतरता येत नाही गं. तो तोंड दरीकडे करूनच उतरणार, आणि त्याच्या मागे तू.

फोनवर सांगायला गेले तर तू ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलशील, म्हणून बसून लिहितेय.

आमची कुत्री चकली तुला व्हिडिओतूनच माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली फटाक्यांना घाबरून बसली होती. शेपटी पाठीवर अशी गोल वळलेली, की नाव वेगळं ठेवायची गरजच पडली नाही. तेव्हापासून रोज सकाळी पावणेसहाला मी वेताळ टेकडीवर असते. मी! जिला ट्रेकच्या दिवशी तू पांघरूण ओढून उठवायचीस.

टेकडी जेमतेम ८०० मीटर उंच, तीही समुद्रसपाटीपासून, म्हणजे आपल्या हिशेबी चढ नाहीच. पूर्वी मी पायथ्यापासून वेताळाच्या देवळापर्यंत घड्याळ लावून जायचे. आता खाणीच्या अलीकडचा एक पंधरा मिनिटांचा तुकडा आम्हाला चाळीस मिनिटं पुरतो. गिरिपुष्पाची झाडी लागली की ही बाई एकेका बुंध्यापाशी थांबते, नाक लावते, पुढे जाते, काहीतरी राहिलं असं आठवून परत येते. सुरुवातीला मी दोरी ओढायचे, ‘चल गं, चल’ करायचे. मग एक दिवस लक्षात आलं की फिरायला ती आलीय, मी तिला सोडायला आलेय. तेव्हापासून ती हुंगते आणि मी उभी राहते. देवळापाशी एक आजोबा रोज भेटतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री म्हणजे चार वेद ना, म्हणून ते चकलीकडे बघून हात जोडतात. ही त्यातला नक्की कोणता वेद हे अजून ठरायचंय. कचऱ्यातली करवंटी तोंडात धरून येते तेव्हा मला तरी एकही वाटत नाही.

दोरीचं मात्र मी फार मनावर घेतलंय. पहिल्या महिन्यात मी तिला मोकळी सोडली होती. झुडपातून पिल्लांना घेऊन एक लांडोर निघाली आणि चकली बाणासारखी सुटली. चाळीस मिनिटं मी हाका मारत फिरतेय, घसा बसला, रडायची बाकी होते. शेवटी अंगभर काटे आणि एक फाटलेला कान घेऊन आली, चेहऱ्यावर लाज वगैरे काही नाही. लांडोरीची पिल्लं वाचली की नाही ते मला कधीच कळलं नाही, आणि ते अजून टोचतं. पुढे उन्हाळ्यात माळावर एका टिटवीनं डोक्यावर घिरट्या घालून असा काही आरडाओरडा केला की मी जागीच थांबले. दोन पावलांवर, उघड्या मुरमात, खड्यांसारखीच दिसणारी अंडी होती. चकलीच्या छातीला पट्टा आणि माझ्या हातात पाच मीटरची दोरी, म्हणून निभावलं. ‘आमचा काही करत नाही हो’ म्हणत मोकळे सोडणारे लोक तुला नाशकातही भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, तुझा मोदक धर.

आता उन्हाचं. हे मी माझ्या मूर्खपणातून शिकलेय. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये सिंहगडाला गेलो. सकाळी सहाला निघायचं ठरवलं आणि आतकरवाडीत पोचेपर्यंत साडेनऊ. मला वाटलं, सव्वा-दीड तासाची तर वाट, रोज टेकडी चढणाऱ्या कुत्रीला काय त्याचं. अर्ध्या वाटेवर चकली प्रत्येक झुडपाच्या सावलीला बसायला लागली. मी तिला उठवत राहिले, कारण वर कांदाभजी आणि मडक्यातलं दही होतं, मला हवं होतं. मग एका सरबताच्या टपरीपाशी ती बाकड्याखाली शिरली ती शिरलीच. जीभ अशी रुंद, फावड्यासारखी बाहेर आलेली, हिरड्या लालभडक, पोट भात्यासारखं हलतंय, आणि मी हाक मारली तर डोळेसुद्धा वळेनात.

टपरीवरच्या आजींनी मला एकदा वर-खाली न्याहाळलं. ‘तुझ्या पायात बूट हायेत,’ म्हणाल्या, ‘तिच्या पायात काय हाय?’ आणि माठातलं पाणी घेऊन स्वतः खाली बसल्या. आधी पंजे भिजवले, मग पोट, मग काखेत आणि मांड्यांच्या मधे. प्यायला ओंजळीतून थोडं थोडं. मी बाजूला पुठ्ठ्यानं वारा घालतेय. वीस-पंचवीस मिनिटांनी तिनं मान उचलून आजींचा हात चाटला. माझा नाही. आजींनी पाण्याचे पैसे घेतले नाहीत, चार सरबतं मात्र प्यायला लावली. मग टपरीवरच्या मुलानं आणि मी, आळीपाळीनं, सोळा किलोंची ती धोंड ओढणीत घालून सावली-सावलीनं खाली आणली.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, माधवी. जो काही येतो तो पंज्यांच्या तळव्याला, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. तुझा मोदक अंगानं जाड केसांचा, त्यात लॅब्रेडॉर, म्हणजे दमलोय हे सांगणाऱ्यातला नव्हे, तू चाललीस तर तोही पडेपर्यंत चालणार. तेव्हा निघताना हाताची मागची बाजू कातळावर ठेवून बघ. सातापर्यंत मोजेस्तोवर चटका बसला तर घरी परत. मार्च ते मे मी टेकडीशिवाय कुठेही जात नाही, आणि टेकडीवरूनही आठच्या आत खाली.

आणि मोदक आत्ता चार महिन्यांचा. लसी पुऱ्या झाल्यात ना ते आधी बघ. सांधे भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, लॅब्रेडॉरच्या खुब्यांची तर आधीच रड असते. तोवर मऊ माती, सपाट वाट आणि त्याला हवं तेव्हा थांबणं. तुमच्याकडे द्राक्षबागांच्या कडेनं छान फिरता येईल असं लिहिणार होते, पण थांब. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषासारखे असतात, मूत्रपिंडं जातात. खाली पडलेला एक घड गपकन गिळायला त्याला दोन सेकंद पुरतील. नाशिकला राहून लॅब्रेडॉर पाळलास, आता भोग!

हे दिवस तर कुसळांचे. परवाच दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही खडकवासल्याच्या पलीकडे एका माळावर गेलो, गवत वाळून पिवळं झालेलं. परतताना चकली मान तिरकी करून कान झटकायला लागली. घरी येऊन टॉर्च लावून बघितलं तर कानाच्या आत, वळणापाशी, एकच काडी. कुसळ जवळून पाहिलंयस का कधी? टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक केस, म्हणजे पुढे जाईल पण मागे येणार नाही. आणि मागे पिळा घातलेली शेपटी. ओल लागली की तो पीळ सुटायला लागतो आणि दाणा मळसूत्रासारखा फिरत आत शिरतो. गवतानं जमिनीत रुजायला केलेली युक्ती आहे ही, कुत्र्याचा कान त्याला जमीनच वाटते. नवऱ्यानं डोकं धरलं, मी भुवयांच्या चिमट्यानं ते काढलं, आणि दोन तास तिनं आमच्याकडे पाठ करून घेतली. खोल गेलं असतं तर थेट डॉक्टरच. बोटांच्या बेचक्यात शिरलं तर आठ दिवसांनी गाठ येऊन पू होतो, तेव्हा लंगडलं की आधी बेचक्या बघ.

गोचिडांचं मी थोडक्यात सांगते, कारण तुला किळस येते. पावसाळ्यात आणि नंतर रोज घरी आल्यावर कानामागे, काखेत, शेपटीखाली बोटं फिरवायची. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल वगैरे ओतायचं नाही. पहिल्या पावसाळ्यात चकलीला गोचीड ताप आला होता. तीन दिवस पोळी हुंगली नाही, रक्त तपासलं तर प्लेटलेट तळाला. तेव्हापासून महिन्याची गोळी चुकत नाही.

आता राजगड. तू विचारलंस की आमचा एकही मोठा गड झाला की नाही. तुझ्या त्या वहीत आपले सत्तेचाळीस गड होते ना? त्या हिशेबात बसवायचं तर झाला नाही. गुंजवण्यातून निघालो, जानेवारी, थंडी मस्त. पायथ्याच्या वस्तीतला एक काळा कुत्रा आमच्यापुढे लागला, या वाटेवर रोजचा असावा, कारण प्रत्येक वळणावर थांबून मागे बघायचा. चोर दरवाज्याखालच्या रेलिंगपर्यंत पोचलो. तो काळ्या दोन उड्यांत वर. चकलीनं पुढचे पाय कातळावर ठेवले, वर बघितलं, खाली बघितलं आणि माझ्या बुटांवर येऊन बसली. पद्मावती माची वीस मिनिटांवर असेल. मागून येणारी पोरं म्हणाली, मावशी, आम्ही उचलून देतो. उचलून वर नेईन हो, पण उतरताना?

तिथंच खडकावर बसून दोघींनी उकडलेली अंडी खाल्ली, तिला बलक, मला पांढरं, आणि खाली आलो. खरं सांगते, पहिला तासभर चिडचिड झाली. सत्तेचाळीस गडांची सवय. पुढच्या महिन्यात पाली दरवाज्याच्या बाजूनं गेलो, त्या रुंद पायऱ्या ती माझ्या आधी चढली. पण वहीत लिहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, ते आत्ता लिहिताना लक्षात येतंय. आता २०२५ मध्ये राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेलाय, तेव्हा कुठेही निघण्याआधी कुत्रा चालतो का ते खाली गावात विचारून घेत जा.

कळसूबाईवर मात्र तू चिडशील. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हा सगळा अभयारण्याचा पट्टा, तिथे त्याला न्यायचं नाही. मलाही आधी हे जाचक वाटलं होतं. पण २०१८ साली गीरमध्ये थोड्या दिवसांत वीसहून जास्त सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. आपलं कुत्रं लस घेतलेलं असतं, मान्य. पण सांबराला वास येतो तो कुत्र्याचा, लसीचा नाही. आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यात सगळ्यात जास्त निघाला तो कुत्राच. तेव्हा ऊस असो की डोंगर, दिवस कलला की मोदक गाडीत.

डिसेंबरात हरिहर सोड आणि इकडे ये. चार दिवस राहा. वेताळ टेकडीवर जाऊ, खाणीपाशी बसू, डब्यात धपाटे नेऊ. मोदकाला चकली आधी दोनदा गुरगुरेल, मग जागा दाखवेल. गळ्यातला पट्टा आणू नकोस, छातीचा आण, आणि वाडगं घडी घालता येणारं मिळतं ते घे.

हे लिहिताना मी बूट शेल्फवरून काढून पुसून ठेवले, तेवढ्या आवाजानं ती दारापाशी जाऊन बसलीय. दुपारचे साडेतीन वाजलेत. तिला कोण समजावणार!

तुझी,
वृंदा

ता. क. : तुझी ती गडांची वही येताना घेऊन ये. राजगडाच्या पानावर काय लिहिलंयस ते बघायचंय. मला आठवतंय की आपणही तेव्हा चोर दरवाज्याखाली अर्धा तास बसलो होतो, आणि वर जायला घाबरत होती ती मी नव्हते.