पंचवीस जूनचं पान

चि. सोन्यास,

अनेक आशीर्वाद.

वही पाठवली आहे. निळ्या पुठ्ठ्याची, तीच. तू फोनवर म्हणालास, “आई, तुझी दिनविशेषाची वही दे, परिपाठाला रोज काहीतरी लिहावं लागतं.” आधी वाटलं झेरॉक्स काढून द्यावी. मग म्हटलं, निवृत्तीनंतर मी आता कुठल्या फळ्यावर लिहिणार आहे? मूळच जाऊ दे. पानं जपून उलट. मार्चच्या पानांवर चहा सांडलाय, तो तूच सांडलायस, तिसरीत असताना.

हातात पडली की तू आधी 25 जून काढणार हे मला ठाऊक आहे. त्या पानावर सगळ्यात जास्त खाडाखोड आहे. ती कशाची, हे सांगायला हे पत्र.

पहिली खाडाखोड तुझ्याच जन्माची. तू झालास तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते आणि बाबांच्या मनगटावर बारा वाजून दोन मिनिटं. नर्सबाईंनी भिंतीवरचं घड्याळ धरलं आणि 25 लिहून टाकलं. आजीनं ते अजून मान्य केलेलं नाही. तिच्या हिशेबानं तू 26 चा, म्हणजे शाहू महाराजांच्या जयंतीचा, आणि कागल तालुक्यात राहून हा मान हातचा घालवायचा म्हणजे काय! पत्रिका करणाऱ्यानं दोन्ही तारखांच्या कुंडल्या मांडल्या आणि पैसेही दोन्हींचे घेतले.

पुढे पान भरत गेलं तसं ध्यानात आलं, की या तारखेचं पुष्कळसं असंच आहे, दोन शेतांमधल्या बांधावरचं.

आणीबाणीचंच बघ. ती मी कितीतरी वर्षं 26 जूनच्या पानावर लिहीत होते, कारण आम्हाला ती 26 ला कळली. सकाळी इंदिरा गांधी आकाशवाणीवर बोलल्या तेव्हा. पण राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची सही झाली ती 1975 च्या 25 जूनच्या रात्री, मध्यरात्रीच्या जरा आधी. मंत्रिमंडळाला सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायणांची प्रचंड सभा झाली होती आणि उजाडायच्या आत ते अटकेत होते. दिल्लीत बऱ्याच वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज त्याच रात्री तोडली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी माझा फळा वाचला आणि म्हणाले, “बाई, कळल्याची तारीख लिहू नये, घडल्याची लिहावी.” तेव्हापासून ती नोंद 25 वर आली. तिथं बाण दिसेल.

मी तेव्हा अकरा वर्षांची. आबा शाळामास्तर. पुढच्या वर्षी मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायचं काम लावलं होतं. संध्याकाळी आबांनी सायकल काढली की गल्लीतले बाप मागच्या दारानं शेतात निघून जायचे. ज्या घरांत मास्तर आले की चुलीवर चहा चढायचा, तिथं कडी लागायला लागली. वर्गातली पोरंही गळाली, कारण मास्तर घरी कशासाठी येतात हे त्यांनाही समजलं होतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर 1976 साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. आबांनी किती केसेस आणल्या मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फळ्यावरच्या ओळीत हे कुठं बसणार? पानाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलंय. तुलाही आता जनगणना, निवडणूक, कसली कसली कामं लागतील. करावीच लागतात. पण कुठल्या कामानंतर पालकांनी दाराला कडी लावली, एवढं बघत जा.

2024 पासून केंद्र सरकारनं 25 जून हा ‘संविधान हत्या दिवस’ ठरवला आहे. नावावरून मोठी माणसं भांडोत बापडी. तू पोरांना 21 महिने काय काय बंद होतं ते सांग, आणि 1977 च्या मार्चात लोकांनी मत देऊन ते सरकार घालवलं हेही सांग. यातलं एकच सांगितलंस तर फळा अर्धाच राहील. मराठीतलं उदाहरण हवं असेल तर दुर्गाबाई भागवत आहेत. 1975 च्याच डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या, आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. पुढच्या वर्षी बाईंना तुरुंगात जावं लागलं.

आता यातला एक योगायोग. 1975 च्या त्याच 25 जूनला, दिवस सुरू होताना, मोझांबिक स्वतंत्र झालं. ज्या पोर्तुगिजांच्या हातून गोवा 1961 साली सुटला, त्यांच्याच हातून. मोझांबिकमध्ये गोव्याची पुष्कळ माणसं होती. तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्या जवळच्या सल्लागारांपैकी एक, आकिनो द ब्रागांसा, हा तर बारदेशातला. म्हणजे दिवसाच्या एका टोकाला एका देशात स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि दुसऱ्या टोकाला आपल्याकडे ते गुंडाळून ठेवण्याची सही. मी हे बरीच वर्षं शिकवलं आणि प्रत्येक वेळी फळ्यासमोर दोन मिनिटं गप्प झाले.

क्रिकेटचं तू म्हणशील मला माहीत आहे. पण तुला 1983 तेवढं माहीत आहे. खालची ओळ वाच, 1932 ची. तीही 25 जून, तेही लॉर्ड्स. भारताचा पहिलावहिला कसोटी सामना त्या दिवशी सुरू झाला. दौऱ्याचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. कसोटीला दोघेही नव्हते, म्हणून नेतृत्व आलं कर्नल सी. के. नायडूंकडे, आपल्या नागपूरच्या. राजेलोकांच्या संघाला खेळाडू कर्णधार मिळाला तो असा. मोहम्मद निसारनं इंग्लंडच्या दोन्ही सलामीवीरांचे त्रिफळे उडवले, लालसिंगनं वुलीला धावबाद केलं आणि यजमान 3 बाद 19. लॉर्ड्सवरच्या त्या शनिवारी प्रेक्षकांचे चेहरे कसे झाले असतील! पुढे जार्डिननं डाव सावरला आणि आपण 158 धावांनी हरलो. पण कसोटीत भारताकडून पहिला चेंडू कोणी खेळला, विचार तुझ्या पोरांना. जनार्दन नवले, पुण्याकडचे, यष्टिरक्षक. हे नाव परिपाठात उत्तर म्हणून मला एकदाही मिळालं नाही. गावस्करचं नाव सांगणारी पोरं मात्र दरवर्षी निघाली.

नंतर 51 वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच मैदानावर कपिलदेवची पोरं उतरली. विश्वचषकाचा अंतिम सामना, 60 षटकांचा, आपण 54.4 षटकांत 183. सर्वाधिक 38 श्रीकांतच्या, आपल्या संदीप पाटीलच्या 27. वेस्ट इंडीजसमोर हे म्हणजे वाण्याची चिल्लर. मग मुंबईच्या बलविंदर संधूचा एक चेंडू ग्रीनिजनं बाहेर जाणार म्हणून सोडला आणि तो आत येऊन यष्टीवर आदळला. रिचर्ड्स 33 वर असताना कपिलनं मागं पळत जाऊन घेतलेला झेल सगळ्यांना पाठ आहे, त्यावर मी शाई घालवत नाही. 140 सर्वबाद, 43 धावांनी आपण जिंकलो. अमरनाथचे 12 धावांत 3 बळी.

तो सामना रेडिओवर ऐकला असं मी तुला लहानपणी सांगायचे. ते खोटं होतं. मी झोपले होते. आबा आणि तुझा मामा जागे होते, मामानं मला हलवलं आणि म्हणाला, “जिंकलो.” लंडनमध्ये संध्याकाळ होती, आपल्याकडे मध्यरात्र होत आलेली. त्या क्षणी आमच्या घरात 25 होती की 26, हे मला अजून सांगता येत नाही. फळ्यावर मी 25 लिहिते, कारण खेळ तिकडचा. आबा मात्र रेडिओ बंद करून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. 25 जून हा दिवस त्यांना एवढी वर्षं आवडत नव्हता, त्यात ही बातमी कुठं ठेवावी हे त्यांना कळेना, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं होतं, म्हाताऱ्याला झोप येत नाही.

पोरांना सांगायला आणखी एक: जगज्जेत्यांना बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाकडे पुरेसे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून खेळाडूंना एकेक लाख रुपये मिळाले.

फुटबॉल तुझ्या पाड्यावरची पोरं खेळत असतील तर 1982 वापर. पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया, स्पेनमधल्या गिहोनला. जर्मनीनं सुरुवातीलाच एक गोल केला. 1-0 राहिलं तर दोघंही पुढे जाणार होते आणि अल्जीरिया बाहेर. अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच होऊन गेलेला. मग उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत बसले. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी घ्यायला लागले ते यामुळं. पोरांना हे लगेच कळतं. गोट्यांमध्ये असंच करतात ती.

1978 चं मात्र मोठ्या वर्गाला सांग. बुएनोस आयरेसमध्ये अर्जेंटिना नेदरलंड्सला 3-1 हरवून पहिल्यांदा विश्वविजेता झाला, मारिओ केम्पेसचे दोन गोल. तिथं तेव्हा लष्कराची राजवट होती. मैदानापासून फार लांब नाही अशा नौदलाच्या एका शाळेत माणसं डांबून त्यांचा छळ चालला होता, आणि वाचलेल्यांनी पुढे सांगितलं की मैदानावरचा जल्लोष आत ऐकू यायचा. मी ही ओळ फक्त दोनदा लिहिली. दुसऱ्या वेळी सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, मग त्या कैद्यांनी आनंद मानायचा का?” मला उत्तर आलं नाही. तुला आलं तर कळव.

कोरियाचं युद्धही 25 जूनचं, 1950. तिथं रविवारची पहाट होती, अमेरिकेत अजून शनिवार 24. बांधच तो. त्याची ओळ आपल्या कोल्हापूरकडे येते ती अशी: लढाई थांबल्यावर मायदेशी परत जायला नको म्हणणारे 22 हजारांहून जास्त युद्धकैदी सांभाळायला भारताची फौज गेली, आणि तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात. कैद्यांना ना धाक ना आमिष, फक्त विचारायचं, कुठं जाणार? मला हे काम लढाईपेक्षा अवघड वाटतं.

वाढदिवसांची यादी मोठी आहे, ती तू बघशीलच. सुचेता कृपलानी (1908), देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री, ही ओळ चुकवू नकोस, मुलींना उभं करून वाचायला लाव. मंडल आयोग लागू करणारे पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह (1931) दहावीपर्यंतच्या पोरांना समजत नाहीत, पण आरक्षण म्हणजे काय हे विचारणारा एक तरी निघतो. करिश्मा कपूर (1974) मी लिहीत नव्हते. एकदा लिहिली तर त्या दिवशी पहिल्यांदा अख्खी शाळा फळा वाचायला जमली, म्हणून पुढं दरवर्षी लिहिली. मायकेल जॅक्सन लॉस एंजेलिसला दुपारी गेला, 2009 साली. आपल्याकडे तोवर 26 लागून पहाटेचे तीन वाजत आले होते. हाच तो, 1996 साली अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेलेला. तुझ्या बाबांनी त्या वेळी तिकिटाचा भाव ऐकून जे उद्गार काढले ते वहीत नाहीत.

कामाचं सांगते. व्हॉट्सॲपवर येणारे दिनविशेष तसेच उतरवू नकोस, त्यात निम्म्या तारखा एकमेकांवरून ढापलेल्या असतात. पाच ओळींपेक्षा जास्त लिहू नकोस. त्यातली एक त्यांच्या मुलखातली हवी. तुमच्या जिल्ह्याला 9 सप्टेंबर आहे, 1942 चा, नंदुरबारच्या हुतात्मा शिरीषकुमारचा. तो तुझ्या वर्गातल्या पोरांएवढाच होता. बाकीचं त्यांच्या आयांना विचार. पावरी बोलीत कुठल्या दिवसाला काय म्हणतात, कुठला दिवस कशासाठी लक्षात ठेवतात, ते माझ्या वहीत नाही. पानांना मी उजवीकडे मोठा समास सोडलाय, तो त्यासाठीच.

डब्यात लोणचं आहे आणि खाली फडक्यात गुंडाळून कोल्हापुरी चटणी. पोस्टातून डबा कसा पोचेल देव जाणे. पोचला की टेकडीवर चढून एक मेसेज टाक.

वाढदिवसाला रेंज असलेल्या जागी थांब. 25 ला मी फोन करीन, 26 ला आजी.

तुझी,
आई

ता. क. भिंतीवरचं ते घड्याळ पाच मिनिटं मागं असायचं, असं त्या नर्सबाई मला मागच्या वर्षी बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या. आजीला सांगितलेलं नाही.