सुध्यास पत्र

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. हव्या तेवढ्या शिव्या घाल. माझं बरं चाललंय, शुगर जरा वर आहे, बास.

परवा जे झालं ते घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुलाच सांगता येईल असं आहे.

आमच्या ऑफिसात हेरिटेज वॉकचं खूळ निघालं. शनिवारवाडा, तुळशीबाग आणि शेवटी मंडई. अस्सल पुणेकर म्हणून मंडईबद्दल मी बोलायचं ठरलं. मंडई विद्यापीठाचा पदवीधर मी, सोडतो काय! मधल्या मनोऱ्याखाली उभा राहून सुटलो. आधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरायचा. १८८६ साली ही दगडी इमारत सुरू झाली, गव्हर्नरच्या नावानं 'रे मार्केट' म्हणून. मधे अष्टकोनी मनोरा आणि त्याला आठ बाजूंना फुटलेले हात. आणि ज्या जोतीरावांनी नगरपालिकेत या खर्चाला विरोध केला, पैसा शिक्षणावर घाला म्हणाले, त्यांचंच नाव पुढे तिला लागलं. त्यावर 'पुण्यात विरोध केला की नाव लागतं' हा तुझा विनोद मी माझा म्हणून खपवला. भरपूर हसले. नववीत यावरूनच आपलं जुंपलं होतं. तू म्हणालास, बांधायलाच नको होती. मी म्हणालो, मग तुझा बाप कुठे बसला असता? चार दिवस अबोला.

तर सगळे मान वर करून फोटो काढत होते. आमच्यातली एक मुलगी कमानीचा फोटो घेत होती. ती म्हणाली, "आजी, जरा बाजूला सरकता का? फोटोत येताय."

ती आजी म्हणजे आई.

सुध्या, मला माहीत होतं रे ती तिथे असणार. मी मुद्दाम लोकांना दुसऱ्या बाजूनं आणलं होतं. ऑफिसात मी 'आई रिटायर्ड आहे' असं सांगून ठेवलंय. आईनं लिंबांची पाटी उचलली, गोणपाट ओढलं, हातभर सरकली. मग माझ्याकडे बघितलं. मी मनोऱ्याकडे बघितलं.

पुढचं ऐक. ती म्हणाली, "काय देऊ साहेब?"

मी वीस रुपयांची कोथिंबीर घेतली. तिनं वर दोन मिरच्या टाकल्या, सगळ्या गिऱ्हाइकांना टाकते तशा. पन्नासची नोट दिली तर तीस रुपये मोजून परत केले. रात्री तीच कोथिंबीर आमटीवर. अवाक्षर बोलली नाही. 'मीठ बरोबर आहे का?' एवढंच विचारलं.

वॉकच्या शेवटी एक कागद भरायचा होता: या वास्तूत सर्वांत मोलाचं काय वाटलं? सगळ्यांनी मनोरा, कमानी, दगडकाम लिहिलं. मीही मनोराच लिहिला. तो देखणा आहेच, वाद नाही. पण उद्या सगळे गाळे उठवून आत कॉफी विकायला बसवली तरी मनोरा तसाच राहील, आणि फोटो तर अजून झकास येतील, कारण मधे कुणी आजी नसेल. मुंबईचा दादा म्हणतो, आता आईला घरी बसव, गाळा सोडून दे. चार महिने मी त्याच्याशी भांडत होतो. परवापासून मलाही गाळा नकोसा वाटतोय, पण तो तिच्या गुडघ्यांसाठी की माझ्यासाठी?

एफवायला तुझे बाबा हातगाडी घेऊन कॉलेजच्या गेटवरून गेले आणि तू वाकून बुटाची नाडी बांधत बसलास. पायात चप्पल होती तुझ्या! ते मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो. तू माझ्याशी बोलणं टाकलंस आणि मला वाटलं, किती मनाला लावून घेतो हा.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिंगीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. गणपतीला ये, मेट्रो आता थेट मंडईखाली येते, पार्किंगवरून तुझी कटकट नको.

आणि लवकर लिही. त्या दिवशी घरी गेल्यावर तू बाबांना काय म्हणालास, ते मी कधी विचारलंच नाही.

तुझा,
बाळ्या