एसएमपीएस तळहातावर तोलून बघणाऱ्या अण्णांना

ती. अण्णा यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात उघडे पडलेले कॉम्प्युटर वीसएक असतील, पण तुमच्या खिशातला फोन अजून बटणांचा. त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत कसं पोचणार, हा प्रश्नच आहे. कुणीतरी वाचून दाखवेल. समोर येऊन बोललो असतो तर "बरं बरं, त्या स्टुलावरचं सामान तेवढं खाली ठेवा" म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

आमचं मशीन २०१३ सालचं. कारखान्याच्या हिशेबासाठी जोडून घेतलेलं. आय५-३४७० प्रोसेसर, एच६१चा मदरबोर्ड, चार जीबी रॅम आणि निळ्या, म्हणजे व्हीजीए प्लगाचा साडेअठरा इंची मॉनिटर. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमांची चित्रं रंगवणारं वेगळं कार्ड, नव्हतंच. जे काही चित्र दिसायचं ते प्रोसेसरच्या पोटातल्या एचडी २५००च्या जिवावर. टॉवेलची बिलं आणि क्रिकेट ०७, यापलीकडे त्यानं काही पाहिलं नव्हतं.

२०१५ला जीटीए ५ हा गाड्या पळवायचा गेम कॉम्प्युटरवर आला तेव्हा माझे पुण्यातले मित्र रात्र रात्र खेळायचे आणि मी इथं सोलापूरच्या पूर्व भागात वडिलांबरोबर माग सांभाळायचो. दहा वर्षं ते डोक्यात राहिलं. आता पोरगी आठवीत गेली आणि तीही गेमांचं बोलायला लागली, तेव्हा मला निमित्त सापडलं.

पहिल्यांदा एका मोठ्या दुकानात गेलो. पांढऱ्या दिव्यांच्या, एसी असलेल्या. "पोरीसाठी हवंय" असं सांगितलं. त्या मुलानं कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. सालच विचारलं आणि म्हणाला, "सर, हे भंगारात द्या. साठ हजारांत नवीन बसवून देतो." साठ हजार! टॉवेलला उठाव नसताना साठ हजारांची गोष्ट घरात काढायची हिंमत माझ्यात नव्हती.

मग फोनवर शोधत बसलो आणि जुन्या मालात आरएक्स ५८० नावाचं ग्राफिक्स कार्ड दिसलं, आठ जीबीचं, साडेपाच हजारांत. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली अशी ढीगभर कार्डं बाजारात आली, हे मला कुठं माहीत! मी ॲडव्हान्स पाठवायच्या बेतात होतो. आमच्या मागांचे पॅनेल तुमच्याकडून दुरुस्त करून आणणारे फिटर म्हणाले, "मालक, एकदा अण्णांना दाखवा की."

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "खेळणार कोण?" मी परत "पोरगी" म्हणालो. तुम्ही चष्म्यावरून नुसतं बघितलंत. मग मी खरं सांगितलं. चाळिशीला टेकलेल्या माणसानं गेम खेळायचा म्हटल्यावर लोक हसतात. तुम्ही हसला नाहीत, "कुठला गेम?" विचारलंत. आभाराची यादी करायची तर पहिली ओळ ही.

दुसरी ओळ एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची. तुम्ही तो चार स्क्रू काढून बाहेर घेतलात आणि वांग्याचं वजन बघावं तसा तळहातावर दोनदा वरखाली केलात. "हलका आहे ओ." वर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलं होतं, ते मी अभिमानानं दाखवलं. तुम्ही अंगठा त्या आकड्यावर ठेवला, पार झाकूनच टाकला, आणि खालच्या बारीक तक्त्यावर टेस्टरचं टोक नेलंत. बारा व्होल्ट, सोळा अँपिअर. "गुणा." मी मोबाईल काढला तर म्हणालात, "तोंडी." १९२ वॅट. "ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही ह्या बारा व्होल्टावर जगतात. वरच्या ४५०वर नाही. आता तुमचं ते ५८० किती खातं? १८५. प्रोसेसर ७७. बेरीज?" २६२.

मी रोज बिलं तपासणारा माणूस, आणि बारा वर्षं हे लेबल माझ्याच टेबलाखाली होतं.

त्या कार्डाला आठ पिनांचा वेगळा प्लग लागतो, तो आपल्या एसएमपीएसला नाही, हेही तेव्हाच कळलं. "विकणारा जोडवायर फुकट देतो की," मी म्हणालो. तुम्ही काही न बोलता बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडलात. त्यात तपकिरी होऊन वितळलेले पाचसहा प्लग होते. एकात पिवळी वायर प्लॅस्टिकसकट चिकटून बसलेली. डबा परत बंद केलात. मी ५८०चं नाव पुन्हा काढलं नाही.

तुमचं उत्तर साधं होतं. बोर्डावरच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, तेवढ्यावर चालणारं कार्ड घ्यायचं, वेगळ्या प्लगाची भानगडच नको. मोठं कार्ड घेऊन उपयोगही नाही, कारण हा चार कोअरचा प्रोसेसर त्याला पुरेसं काम पुरवूच शकणार नाही. "मागाला मोठी मोटर लावली म्हणून धोटा दुप्पट पळतो का?" हे आमच्या घरात आता म्हणीसारखं चालतं. शिवाय मॉनिटर १३६६ बाय ७६८चा. म्हणजे एका वेळी रंगवायचे ठिपके साडेदहा लाख, आणि फुल एचडीला लागतात पावणेएकवीस लाख. निम्मंच काम.

आणि गंमत बघा, जीटीए ५ साठी काय असावं म्हणून कंपनीनं जी शिफारस छापली, त्यात प्रोसेसरच्या जागी चक्क आय५-३४७० लिहिलंय. मी ज्याला भंगार समजायला लागलो होतो त्याचंच नाव! आठ जीबी रॅम आणि दोन जीबीचं जीटीएक्स ६६०, एवढीच बाकी मागणी.

इथं माझा एक मूर्खपणा कबूल करतो. तुम्ही सांगितलं होतं, कार्ड विकत घेण्याआधी दाखवा. मी नाही दाखवलं. जीटीएक्स १०५० टीआय अठ्ठावीसशेला मिळालं म्हणून पैसे देऊन मोकळा झालो आणि मग फुशारकीनं तुमच्याकडे आलो. तुम्ही डबी उघडली, कार्डाची मागची पट्टी बघितली आणि सुस्कारा सोडला. "ह्याला व्हीजीए कसा?" त्या पिढीच्या चिपमधून जुना ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, म्हणजे निळं भोक असलं की संशय घ्यायचा. मशीनला लावून जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची ओळख दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडलंत. नावाच्या आधी कंसात लिहून आलं, फेक. दहाएक वर्षं जुनी चिप, आतलं बायोस, म्हणजे चिपची ओळख सांगणारं सॉफ्टवेअर, बदलून तिला नवं नाव दिलेलं. दिसायला अगदी खरं, स्टिकर तर माझ्या टॉवेलवरच्यापेक्षा चांगला. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंदच आहे. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं वाटलं असतं.

पुढचं पटकन सांगतो. जीटीएक्स १६५० तुम्हीच बघून दिलंत, चार जीबीचं, एका पंख्याचं, वरचा प्लग नसलेलं. त्यातही काहींना सहा पिनांचा प्लग असतो, म्हणून तसलं नसलेलं शोधायला दोन आठवडे गेले. १०५० टीआयच्या पिढीला नव्या गेमांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५पासून मिळत नाहीत, १६५०ला मिळतात, हे त्यामागचं कारण. आरएक्स ६४००ही स्लॉटवरच चालतं आणि ते नवं आहे, पण ते बोर्डाशी बोलायला सोळाच्या जागी चारच लेन वापरतं आणि आमच्यासारख्या जुन्या बोर्डावर मार खातं. कार्ड साडेसहा हजार. एसएमपीएसही बदललात, कारण जुन्यात दोन कपॅसिटर फुगून वर आले होते. नव्याचं लेबल आता मी स्वतः वाचलं, बारा व्होल्टवर तीसच्या वर अँपिअर. रॅमची आणखी एक चार जीबीची पट्टी. सगळं मिळून दहा हजारांच्या आतबाहेर. त्यात तुमची मजुरी चारशे.

बसवायचं काम मात्र तुम्ही पोरीच्या हातून करून घेतलंत. त्या दिवशी कॅबिनेटचं झाकण निघालं आणि मला लाज वाटली. खाली सोळा माग, वर कॉम्प्युटर. प्रोसेसरच्या पंख्याखाली सुताची रुई दाबून दाबून नमदा झाला होता. तुम्ही तो चिमट्यानं अख्खा उचललात, चौकोनी, करड्या रंगाचा, मधे पंख्याचा गोल उमटलेला. "घ्या, तुमचाच माल." पोरगी इतकी हसली की तिनं तो घरी आणून आजीला दाखवला. मग तिला आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायला सांगितलंत, अंगातली स्थिर वीज जाऊ दे म्हणून. कार्डाची लांबी शिंप्याच्या टेपनं मोजायला लावलीत, हार्ड डिस्कच्या खणाला अडतंय का ते बघायला. शेवटी तिनं दोन्ही अंगठ्यांनी कार्ड दाबलं आणि स्लॉटची खिटी टक् करून बसली. तो आवाज आला तेव्हा तुम्ही मान हलवलीत, बस्स.

रात्री दहाला तुम्हाला फोन केला त्याबद्दल माफी. घरी आणून लावलं तर स्क्रीन काळाकुट्ट. माझ्या पोटात गोळा. तुम्ही जेवत होता, घास तोंडात असतानाच विचारलंत, "केबल कुठं लावली?" मी सवयीनं बोर्डाच्या जुन्या भोकात लावली होती. कार्डाच्या एचडीएमआयला व्हीजीए करून देणारा तो साडेतीनशेचा कन्व्हर्टर लावून केबल त्यात घातली, आणि आलं चित्र. फोनवरून तुम्हाला आमच्या घरातला आरडाओरडा ऐकू गेलाच असेल.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. पैसे घेताना तुम्ही म्हणालात, "ह्याच्यापुढं ह्या मशीनवर रुपया घालू नका." विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, विंडोज ११ ह्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही, म्हणून बँकेची कामं ह्यावर करायची नाहीत, फक्त खेळायचं. गिऱ्हाईक समोर खूश होऊन उभं असताना असं सांगणारा दुकानदार मी तरी पाहिला नव्हता.

आता रोज रात्री माग बंद झाले की अर्धा तास माझा. गाडी चालवता येत नाही मला त्यात, सारखा समुद्रात जातो. पोरगी शेजारी बसून वेगळ्याच गेममध्ये मन लावते आणि माझ्यावर हसते. एप्रिलमध्ये बाहेर बेचाळीस असताना कार्डाच्या तापमानाचा आकडा ऐंशीच्या खाली राहिला. ती वहीत तारीख घालून लिहिते.

तुमचा तो मऊ केसांचा ब्रश चुकून आमच्या पिशवीत आला. दर रविवारी ती त्यानं जाळी साफ करते आणि परत द्यायला तयार नाही. तुमच्यासाठी नवा घेतलाय. मंगळवारी संध्याकाळी घेऊन येतो, दुकानात असाल ना?

तुमचा,
खालच्या मजल्यावर सोळा माग असलेला टॉवेलवाला