आधी उलटं करून बघ

प्रिय काकू,

समोर येऊन आभार मानले असते, तर "आभार कसले मानतेस, आधी ती दुपटी वाळत घाल," म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून हे पत्र असं उघड, कुणालाही वाचता येईल असं लिहितेय. आता तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

लेक पाच महिन्यांची होती तेव्हाची मी तुम्हाला आठवत असेनच. नोकरी सुटलेली, केसांना दोन-दोन दिवस फणी नाही, आणि बाळाचा डोळा लागला रे लागला की मी फोनवर स्वस्तातले कपडे बघत बसायचे. एकदा पार्सलमधून आलेला टॉप दाखवायला मोठ्या उत्साहाने खाली तुमच्याकडे आले. तुम्ही कौतुक करायच्या ऐवजी तो सरळ उलटा केलात, दोन अंगठ्यांत शिलाई धरून ताणलीत. टाक्यांमधून उजेड दिसला. "चार धुण्यांत जाईल," एवढंच म्हणालात. खरं सांगते, मला राग आला होता. (तीन धुण्यांतच गेला.)

त्यानंतर तुम्ही मला वापरलेल्या कपड्यांच्या ढिगापाशी उभं केलंत आणि म्हणालात, "रंग बघू नकोस. आधी उलटं करून बघ." काखेत कापड विरलंय का ते उजेडासमोर धरून बघायचं. पँट असेल तर मांड्यांच्या आतल्या बाजूला हात फिरवायचा. शिलाईच्या आत किती कापड सोडलंय तेही बघायचं, कारण ते असेल तरच कपडा सैल करता येतो. बाळंतपणानंतर बदललेल्या अंगाला हे केवढ्या कामाचं होतं! अडकणारी धातूची चेन हे तर तुम्ही घासाघीस करायचं निमित्त मानायचात. घरी येऊन तिच्या दातांवर पेन्सिलचं शिसं घासलं की चेन लोण्यासारखी सरकायची.

दोऱ्याची परीक्षाही त्याच दिवसांतली. 'शुद्ध कॉटन' असं लेबल लावलेल्या शर्टाच्या आतल्या शिलाईतून तुम्ही एक धागा ओढलात, चिमट्यात धरलात आणि पाण्याच्या वाडग्यावर पेटवलात. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर मात्र वितळून टोकाला कडक मणी धरतं. त्या शर्टाच्या धाग्याला कागदाचा वास आला आणि मणीही धरला. "अर्धं खरं बोलतोय," असं म्हणून तुम्ही हसलात. बाळाची झबली कशातून शिवायची आणि कशातून नाही, हा प्रश्न माझ्यापुरता त्या दिवशी सुटला.

शिवणयंत्रावर बसवलंत ते मात्र बरंच नंतर. आधी महिनाभर नुसतं उसवायला लावलंत. कंटाळा आला, पण कपडा कसा जोडलेला असतो ते शिवून कळलं नसतं इतकं उसवून कळलं. मग जुन्या चादरीची दुपटी झाली, जीन्सच्या पायाची पिशवी झाली, उरलेल्या कापडाच्या उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्ट्या काढून लाळेऱ्यांना लावल्या. टी-शर्टचं सूत ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. काखेखालचा नळकांड्यासारखा भाग घ्यायचा, साधारण 2 सेंटिमीटर रुंदीची पट्टी न तोडता गोल-गोल कापत जायचं आणि मग ती ताणायची. कडा आपोआप आत वळतात, धागे निघत नाहीत, आणि एका शर्टातून गुंडाभर सूत हाताशी येतं. सुईसुद्धा न घेता बोटांनीच विणलेलं पायपुसणं अजून दारात आहे.

आणि एकदाच तुम्ही माझ्यावर खरोखर ओरडलात. मी लेकीच्या टोपीला हौसेने बटणांचे डोळे लावले होते आणि गळ्याशी नाडी घातली होती. तुम्ही काही न बोलता दोन्ही उसवलंत आणि मग म्हणालात, "बटण तोंडात जातं आणि नाडी कशात तरी अडकते. डोळे दोऱ्याने भर." रात्री मला त्या टोपीकडे बघून घाम फुटला होता.

आता त्या काळ्या मेंदीच्या कोनाबद्दल. हे सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण हे पत्र वाचणाऱ्या कुणाच्या तरी हातात या क्षणी तसाच कोन असेल.

घरबसल्या हातांवर नक्षी काढून चार पैसे मिळतील, असं माझ्या डोक्यात घुसलं होतं. एका ठिकाणाहून 'काळी मेंदी' आणली. तासाभरात टिपटॉप काळा रंग! तुम्हाला दाखवलं तर तुम्ही कोन उलटासुलटा केलात आणि विचारलंत, "यात काय आहे ते कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. पण त्याआधीच मी मनगटावर वेल काढली होती. तिसऱ्या दिवशी ती वेल फोडांची झाली, पान न् पान उठून आलेलं. तुम्ही लेकीला कडेवर घेतलंत आणि मला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलंत.

मेंदीच्या पानाचा रंग काळा नसतोच, तो नारिंगी-तपकिरी. इतका झटपट काळा रंग येतो त्यात बहुतेकदा पीपीडी असतं, म्हणजे केसांच्या कलपात वापरतात ते रसायन. ते कातडीवर चोपडण्यासाठी नाही. मी पूर्वी केस रंगवले होते, शरीराला त्याची ओळख आधीच झाली असावी, म्हणून तिसऱ्याच दिवशी उठलं, असं डॉक्टर म्हणाले. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, त्यामुळे कलप मला आता कायमचा बंद. पिकले की पिकले! मनगटावरचा फिकट डाग पुढे कितीतरी महिने होता.

दुसरी कुणी असती तर "सांगितलं होतं ना" म्हणाली असती. तुम्ही फोड वाळल्यावर मेंदीची पूड घेऊन आलात. जुन्या नायलॉनच्या मोज्यातून ती चाळायला लावलीत, कारण एक काडी राहिली तरी कोनाचं तोंड बुजतं. 20 ग्रॅम पूड, थोडा थोडा करत साधारण 60 मिलिलिटर लिंबाचा रस, दीड चमचा साखर आणि तेवढंच लॅव्हेंडरचं सुगंधी तेल. रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी वरचा थर तपकिरी आणि आतला हिरवा दिसला, म्हणजे पानातला लॉसोन हा रंग सुटला होता. आंबट रसात तो सावकाश सुटतो, साखरेने लेप ओला आणि चिकट राहतो, तेलाने रंग गडद होतो. हे सगळं तुम्ही मला सांगितलंत ते 'असं करायचं' एवढ्या दोन शब्दांत. कारणं मी नंतर शोधून काढली. कोनासाठी भेटवस्तूंवरचा पारदर्शक कागद तुम्ही घडी घालून जपून ठेवलेला होताच.

लेप सहा तास ठेवला, खरवडून काढला, आणि खाली केशरी रंग बघून माझा चेहरा पडला. "दोन दिवस थांब," म्हणालात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोच रंग लालसर तपकिरी होत गेला, तळव्यावर सगळ्यात गडद, दंडावर फिका, कारण तळव्याची कातडी जाड. उरलेले कोन फ्रीझरमध्ये ठेवायचे, बाहेर ठेवले की रंग मरतो, हेही तेव्हाच शिकले.

लेकीच्या हातावर एक टिंब काढू का, असं विचारल्यावर मात्र डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं होतं. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये शुद्ध मेंदीनेही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि ही कमतरता वरून बघून कळत नाही. मी हिरमुसले. मग तुम्ही लेकीचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवलीत, कागद कापलात आणि तो माझ्या हातावर ठेवून म्हणालात, "याच्या कडेने टिंबं दे." आता दर काही महिन्यांनी नवा कागद कापते. जुने सगळे एका पाकिटात आहेत, एकावर एक ठेवले की प्रत्येकाच्या कडेने पुढच्या पंजाची बारीक कड दिसते.

तुम्ही घर बदललंत तेव्हा यंत्र माझ्याकडे ठेवून गेलात, "जड आहे, कोण नेणार," म्हणून. मला माहीत आहे ते किती जड आहे. लेक पाळण्यात होती तेव्हा रोज दुपारी तिला तासभर उचलून नेताना मात्र तुम्हाला कधी काही जड झालं नाही.

या पत्रासोबत एक पिशवी पाठवतेय, जीन्सची, आतून सुती अस्तर. मिळाली की तुम्ही ती आधी उलटी करणार, हे ठाऊक आहे. खालच्या कोपऱ्यात एक टीप वाकडी गेलीय. ती उसवणार होते, पण तेव्हा यंत्राचं चाक लेक फिरवत होती, म्हणून राहू दिलीय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची