जत्रेतला फड टिकायला हवा

गावजत्रांवरील वाढत्या खर्चाविषयीचा लेख (रविवार पुरवणी) वाचला. डीजेवरील टीका रास्तच आहे. पण जत्राच आटोपती घ्यावी, हे पटत नाही. चैत्रात रब्बीची सुगी उरकलेली असते, माणसांना जरा उसंत असते. पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव देवाच्या पालखीबरोबरच कुस्त्यांचा फडही रंगतो. सुरुवातीला लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्या लागतात; चीतपट झालेले पोरही मूठभर रेवड्या घेऊन, अंगावरची लाल माती झटकत हसत उठते. जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला उंच सासनकाठी तोलून नाचवायला तर भक्तीइतकाच दम लागतो. असा निखळ आनंद पोरांना एरवी कुठे मिळणार? यात्रा समित्यांनी डीजेचे पैसे वाचवून ते फडाच्या इनामासाठी वापरावेत, ही विनंती.

– एक वाचक, कराड